रान सरकारी, नियम सर्वांना – भाग ६ : फासकी आणि चूल

गेल्या आठवड्यात राखीव वन आणि गुरचरण यांतला फरक पाहिला. आज त्याच जमिनीवरची शिकार आणि सहल. शिमग्याच्या सुमारास पारधीचा विषय निघतो आणि पावसाळ्यात सहलींचा, म्हणून दोन्ही एकत्रच घेतो.

आधी शिकार. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्यात परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही परवान्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आज हौसेच्या शिकारीचा परवाना देशात कुठेही मिळत नाही.

शिकार म्हणजे बंदूक, असा अनेकांचा समज असतो. कायद्याची व्याख्या त्याहून खूप मोठी आहे. फासकी लावणं, वागूर टाकणं, हाका घालणं, आमिष किंवा विष ठेवणं, पाखरांची अंडी काढणं किंवा घरटं मोडणं, हे सगळं शिकारीतच मोडतं, नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे फासकीत ससा सापडला नाही तरी ती लावणारा सुटत नाही. डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब किंवा कुंपणात सोडलेली वीज तर रात्री पाण्याला निघालेल्या माणसाचाही जीव घेते. आणि हे स्वतःच्या भातशेतातही लागू आहे: जमीन तुमची असली तरी डुक्कर तुमचं नाही. पिकाचा फारच नाश होत असेल तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी हाच मार्ग. अभयारण्यातल्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

कातकरी, ठाकूर, वारली पाड्यांवर एक प्रश्न हमखास येतो: वनहक्क मिळाला, मग पारध का नाही? २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, मोहाची फुलं, कंदमुळं असं वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला. परंपरेने चालत आलेले इतर हक्कही मानले. त्यातून शिकार मात्र स्पष्ट शब्दांत वगळली. ज्यांच्या पिढ्या रानावर जगल्या, त्यांच्या ताटातला एक घास कायद्याने काढून घेतला. प्राणी उरावेत म्हणून ते करावं लागलं असेल, पण त्याची किंमत पाड्याने मोजली, हे आपण विसरू नये.

पाड्याने एवढं सोडलं, तर हौसेने रानात येणाऱ्याने निदान नियम पाळावेत. म्हणूनच सहलीचे नियम मला अधिक महत्त्वाचे वाटतात. वाशिंदच्या पुढच्या आसनगाव स्टेशनात उतरून लोक माहुलीवर जातात. तो गड तानसा अभयारण्यात आहे. मुरबाडचा सिद्धगड, जिथल्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, तो भीमाशंकर अभयारण्यात येतो. अभयारण्यात पर्यटकाचा प्रवेश परवानगीने असतो, हक्काने नाही. तिथे आग लावणं, विनापरवाना शस्त्र नेणं, स्फोटकं किंवा विषारी रसायनं वापरणं, प्राण्यांना छेडणं, कचरा टाकणं, हे सगळं कायद्यातच मना आहे. राखीव वनातही आग लावणं आणि नियमाविरुद्ध शिकार, मासेमारी करणं किंवा पाण्यात विष कालवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. धबधब्यांवर पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी घालतात, तो आदेशही तितकाच बंधनकारक.

तरीही तीन दगडांची चूल मांडून कोंबडी शिजवणारा मुंबईकर स्वतःला गुन्हेगार समजत नाही. उन्हाळ्यात त्याच चुलीच्या ठिणगीने सुकलेलं गवत पेटतं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची पिल्लं त्यात जातात. फासकीने एखादा ससा जातो, वणव्याने अख्खा डोंगर. दोन्हींकडे कायद्याने सारख्याच कडक नजरेने पाहिलं पाहिजे.

फासकी दिसली तर तिला हात लावू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वणवा दिसला तरी तोच क्रमांक. पुढच्या भागात डुकरांनी खाल्लेल्या भाताच्या भरपाईचा अर्ज कसा करायचा, ते पाहू.