पडद्याची भाषा – भाग ६ : विनोद झाल्यावर कॅमेरा कुणाकडे वळतो?

विनोद हा ऐकायचा प्रकार आहे, असं आपण धरून चालतो. संवाद खुसखुशीत असले की मालिका चांगली. पण देवणीसारख्या तालुक्याच्या गावात टीव्ही कसा पाहिला जातो ते आठवा. आत कुकरच्या शिट्ट्या, दारात कुणीतरी हाक मारतंय, पोरं अभ्यासाच्या नावाखाली तिथंच लोळतायत. निम्मे संवाद कानावर पडतच नाहीत. तरीही सगळं घर एकाच वेळी हसतं. समोरचा माणूस कसला आहे आणि आता त्याची काय फजिती होणार, हे डोळ्यांना आधीच कळलेलं असतं.

आपल्याकडचा जाणता शेतकरी देवणी जातीचं जनावर लांबूनच ओळखतो. सगळं अंग पांढरं असलं तर बालंक्या, अंग पांढरं आणि तोंडाला काळं असलं तर वानेरा, अंगभर काळे ठिपके असले तर शेवरा. जवळ जाऊन दात बघायचे ते नंतर. विनोदी मालिकेतलं पात्रही असंच लांबून, तोंड उघडायच्या आधी ओळखू यावं लागतं.

मराठीत याचं जुनं आणि उत्तम उदाहरण म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची ही मालिका आली. पडदा कृष्णधवल, सगळा मामला साधा. रंगाचा आधार नाही, कॅमेऱ्याच्या करामती नाहीत. पण किडकिडीत दिलीप प्रभावळकर आणि भारदस्त बाळ कर्वे एका चौकटीत शेजारी उभे राहिले की पहिलं हसू तिथंच फुटायचं. इथं ‘एका चौकटीत’ हे महत्त्वाचं. दोघांचे चेहरे जवळून, वेगवेगळे दाखवले असते तर एक बारीक माणूस आणि एक जाड माणूस एवढंच दिसलं असतं. दोघांमधला फरक दिसायला कॅमेरा मागे थांबावा लागतो. विनोदाला अंतर लागतं. माणूस घसरून पडताना पायापासून डोक्यापर्यंत दिसला तर हसू येतं. त्याच क्षणी नुसता चेहरा मोठा करून दाखवला तर त्याचं दुखणं दिसतं आणि आपलं हसू थांबतं.

आता प्रकाशाकडे येऊ. विनोदी मालिकेतलं घर नेहमी इतकं लख्ख का असतं? त्याचा धागा १९५१ सालच्या अमेरिकेत सापडतो. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित व्हायची. छायाचित्रणाची जबाबदारी होती कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे. हे गृहस्थ ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाच्या छायालेखकांपैकी एक आणि १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चे छायालेखक. म्हणजे सावल्यांचे उस्ताद. पण तीन कॅमेरे तीन बाजूंनी बघत असताना एकासाठी केलेला प्रकाश दुसऱ्याला नडतो, आणि नटांना थांबवून दिवे हलवायला सवड नसते. म्हणून फ्रॉइंड यांनी बहुतेक दिवे वर टांगले आणि सगळ्या सेटवर सारखा प्रकाश पाडला. सोय म्हणून केलेली ही गोष्ट पुढे विनोदाची खूणच झाली. पडद्यावर सगळीकडे सारखा उजेड दिसला की इथं कुणाचं फार वाईट होणार नाही, असा भरवसा आपल्याला आपोआप वाटतो. मालिकेतलं कुटुंब जेवणाच्या टेबलाच्या एकाच बाजूला का बसतं, तेही इथंच कळतं. समोरची बाजू प्रेक्षकांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी मोकळी ठेवायची असते.

पात्र ओळखू यायला हातातली वस्तूही पुरते. २००१ साली सुरू झालेली हिंदी ‘ऑफिस ऑफिस’ आठवा. मनोज पाहवांचा भाटिया सतत काहीतरी खात असतो, संजय मिश्रांच्या शुक्लाच्या तोंडात पान असतं. त्यांच्यासमोर पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल, आपलं साधं काम घेऊन ताटकळत. ज्याचं तोंड कायम भरलेलं आहे तो उत्तर तरी कसं देणार? कचेरीतला सगळा कारभार त्या दोन तोंडांतच दिसतो. ज्याने कधी सातबाऱ्यासाठी खेटे घातले आहेत त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आजच्या मराठी कार्यक्रमांत माझ्या मते सगळ्यात मोठी ताकद विनोद झाल्यानंतरच्या दोन सेकंदांत आहे. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव यांनी एखादी जागा घेतली की पडद्यावर परीक्षक प्रसाद ओक, सई ताम्हणकर हसताना दिसतात. आपण एकटे हसत नाही, चार माणसांत बसलो आहोत, असं त्यातून वाटतं. पण हे फार वेळा झालं की नटाचा चेहरा हातचा जातो. चौघुलेंच्या मानेची, खांद्यांची हालचाल वाक्य संपल्यावरही चालू असते. ती सोडून हसणारी माणसं दाखवणं म्हणजे ताटातला घास काढून घेणं.

वातावरण पालटायचं कसं, याचा धडा ‘चला हवा येऊ द्या’मध्ये मिळतो. सगळा धुडगूस चालू असताना सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा आणि पत्र वाचायचा. ती पत्रं लिहिणारे अरविंद जगताप आपल्या मराठवाड्यातले, बीड जिल्ह्यातले. शब्द त्यांचे जबरदस्त असायचेच. पण दृश्यातही बदल व्हायचा. इतका वेळ नाचणारं व्यासपीठ थांबायचं, एकच माणूस उरायचा, कॅमेरा त्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याजवळ जायचा. मघाशी सांगितलेलं अंतर इथं मुद्दाम मिटवलेलं असायचं, म्हणून पाच मिनिटांपूर्वी हसणारे डोळे पुसायचे.

आणि आता मनाला लागणारी गोष्ट. गावाकडचा माणूस दाखवायचा म्हटलं की अनेक प्रहसनांत खांद्यावर गमछा, उघडं तोंड, फेंगडी चाल हे ठरलेलं असतं. वेशावर माझा आक्षेप नाही, लांबून ओळखू येण्यासाठी तो लागतोच. आक्षेप आहे तो नंतरच्या दोन सेकंदांवर. तो काही बोलला की कॅमेरा लगेच शहरी पात्राच्या नाक मुरडलेल्या चेहऱ्याकडे वळतो, आणि लातूर-नांदेडकडचा माणूस विनोद करणारा न राहता विनोदाचा विषय होतो. तोच कॅमेरा त्याच्याजवळ थांबला, त्याच्या नजरेनं त्या शहरी दिवाणखान्याकडे बघू लागला, तर संवादातला एक शब्दही न बदलता हसू उलटं फिरतं. लेखकानं कितीही आपुलकीनं लिहिलेलं असो, कुणावर हसायचं हे शेवटी संकलनाच्या टेबलावर ठरतं.

या आठवड्यात तुमच्या आवडीच्या विनोदी मालिकेचा एक भाग आवाज बंद करून पाहा. प्रत्येक विनोदानंतर कॅमेरा कुणाकडे वळला, ते कागदावर टिपून ठेवा. पुढच्या भागात आपण हशाच्या आवाजाबद्दल बोलणार आहोत, तेव्हा तो कागद लागेल.