तळटीपांतले महाभारत

‘हे मूळ महाभारतात नाहीच, भांडारकर संस्थेने काढून टाकले आहे,’ असे वाक्य वादाच्या भरात सर्रास ऐकू येते. सूतपुत्राला वरणार नाही, असे द्रौपदी स्वयंवरात कर्णाला सांगते, तो प्रसंग असाच ‘काढलेला’. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही कथाही ‘काढलेली’. प्रत्यक्षात संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने काहीच फेकून दिलेले नाही. द्रौपदीचे बोल त्याच पानाच्या तळाशी छापलेले आहेत आणि गणपतीची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. ते तिथे का गेले हे समजायचे, तर चिकित्सक आवृत्ती कशी तयार होते ते सावकाश पाहावे लागते.

व्यासांच्या हातची प्रत कोणाकडे नाही. भूर्जपत्र, ताडपत्र, कागद, सगळेच काळाच्या ओघात झिजते. म्हणून नकलेवरून नक्कल होत गेली आणि प्रत्येक नकलेत काही बदलले. लेखनिकाची ओळ चुकली, समासातली टीप मजकुरात शिरली, कुणाला एखादी कथा अपुरी वाटली म्हणून त्याने ती पुरी केली. आपल्याकडे घरोघर आलेले छापील महाभारत बहुतांशी नीलकंठ चतुर्धरांच्या पाठावर उभे आहे. त्यांचे घराणे गोदावरीकाठच्या कोपरगावचे, पण सतराव्या शतकात त्यांनी टीका लिहिली ती काशीत. निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवून त्यांनी पाठ निवडले, आणि त्या काळात एवढे करणे मोठेच होते. मात्र कोणता पाठ कोणत्या पोथीतला आणि दुसरा का नाकारला, याची पद्धतशीर नोंद वाचकाच्या हाती आली नाही.

ती नोंद ठेवणारी आवृत्ती हवी, ही मागणी प्राच्यविद्यापंडित विंटरनित्झ यांनी 1897 मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली. जर्मनीत ल्यूडर्स यांनी 1908 मध्ये तिचा छापील नमुनाही काढला. मग पहिले महायुद्ध आले आणि तिकडचे काम थांबले. इकडे पुण्यात 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि 1919 मध्ये काम सुरू झाले. ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती 1923 मध्ये छापली. 1925 मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणित आणि बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत शिकलेला हा माणूस होता. आवृत्तीच्या मांडणीत ही दोन्ही शिक्षणे दिसतात, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष काम. एक मोठा आखलेला कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला अर्धा श्लोक ठळक अक्षरात, एकेक अक्षर सुटे करून लिहायचा. डाव्या बाजूला खाली खाली पोथ्यांच्या खुणा. मग एकेक पोथी उघडून ताडायची. अक्षर जुळत असेल, तर काही लिहायचे नाही. वेगळे असेल, तर ते वेगळे अक्षर बरोबर त्याच अक्षराच्या खाली, त्या पोथीच्या ओळीत भरायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा राखलेली असते. खाडाखोड आहे, समासात भर आहे, पान फाटले आहे, हे तिथे. पोथीत जास्तीचे श्लोक असले, तर ते वेगळ्या कागदावर उतरून जोडायचे. असा तक्ता भरला, की मतभेद कुठे दाटले आहेत ते उभ्या नजरेने कळते. हे काम नुसत्या पुण्यात झाले नाही. बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात विश्वभारतीत ताडल्या गेल्या, दक्षिणेतल्या काही तंजावरच्या सरस्वती महालात. संपूर्ण ग्रंथासाठी 1,259 हस्तलिखिते तपासली गेली. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे 235 पोथ्यांचा मागोवा घेतला गेला आणि पाठ ठरवण्यासाठी त्यांतल्या 60 वापरल्या.

पण पाठ बहुमताने ठरत नाही, आणि सगळ्या पद्धतीचा गाभा इथेच आहे. एकाच पोथीच्या पन्नास नकला झाल्या, तर ती पन्नास मते नव्हेत, एकच मत. म्हणून आधी पोथ्यांची घराणी लावावी लागतात. सुकथनकरांनी त्यासाठी लिपीचा आधार घेतला. शारदा लिपीतली काश्मिरी पोथी केरळच्या लेखनिकाला वाचता येत नव्हती, मल्याळम् लिपी काश्मिरी पंडिताला येत नव्हती. त्यामुळे त्या दोघींमध्ये परस्पर उसनवारी होण्याची शक्यता फार कमी. इतक्या दूरच्या दोन परंपरा एखाद्या श्लोकावर एकमत असतील, तर तो श्लोक दोघींच्या समाईक पूर्वजातून आला असला पाहिजे. याउलट देवनागरी पोथ्या संख्येने सर्वांत जास्त आणि साक्षीला सर्वांत दुबळ्या. ती लिपी ठिकठिकाणचे लोक वाचत, म्हणून तिच्यात सगळीकडचे येऊन मिसळले. ज्या लिपीत आपण वाचतो, तिच्याच पोथ्या सर्वांत कमी भरवशाच्या निघाव्यात, हे पचायला जड आहे, पण कारण पटण्याजोगे आहे. शारदा लिपीतली आदिपर्वाची जी भूर्जपत्राची पोथी फार मोलाची ठरली, ती ब्यूलरनी मुंबई सरकारसाठी काश्मीरहून आणलेल्या संग्रहातली; तो संग्रह संस्थेकडेच असल्याने ती पुण्यात हाताशीच होती.

यातून नियम असा निघाला: उत्तर आणि दक्षिण या दोन मुख्य शाखा जिथे जुळतात, तो मजकूर संहितेत, म्हणजे वरच्या मुख्य पाठात. एकाच शाखेत आहे, दुसरीला ठाऊक नाही, तो साधारणपणे खाली. दोन्हीकडे आहे पण शब्द वेगळे, तिथे ज्या पाठातून बाकीचे पाठ कसे निपजले ते सांगता येते, तो धरायचा. अनेकदा तो अवघड, जुन्या वळणाचा असतो, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. कर्णाला नाकारणारे बोल दक्षिणेच्या पोथ्यांत नाहीत, उत्तरेतही मोजक्याच पोथ्यांत आहेत, म्हणून ते तळाला गेले. वस्त्रहरणाच्या वेळची कृष्णाची आळवणीही अशीच संहितेबाहेर आहे. तिथे वस्त्रे प्रकटतात, पण ती कोणी पुरवली हे संहिता सांगत नाही.

ही पद्धत कसोटीलाही उतरली. आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले. त्यात काही ठिकाणी सुकथनकरांनी कोणत्याही उपलब्ध पोथीत जसाच्या तसा नसलेला पाठ तर्काने बसवला होता आणि त्यापुढे फुली देऊन तसे कबूल केले होते. पुढे नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून एका फार जुन्या पोथीचे पाठ मिळाले, आणि त्यांतल्या काही जागी नेमका तोच पाठ निघाला. पाठचिकित्सेवर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न पडला की मला हा पुरावा आधी आठवतो.

तरीही या संहितेला ‘व्यासांचे मूळ’ म्हणणे चूक आहे, आणि संपादकांनी तसा दावा केलेला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे मागे जाता येईल तितके मागे जाऊन मिळणारे हे रूप आहे. तळाशी गेलेला श्लोक खोटा ठरत नाही. तो पुढच्या काळातल्या कुणाच्या तरी महाभारताचा भाग आहे, आणि त्याला आपला इतिहास आहे. द्रौपदीला कृष्णाला हाक मारायला लावणाऱ्या भक्तांचा काळही आपल्याला त्या तळटीपांतच सापडतो.

सुकथनकर 1943 च्या जानेवारीत गेले. पुढे बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि 1966 मध्ये काम पूर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’साठी इरावती कर्व्यांनी हीच आवृत्ती आधाराला घेतली होती.

ग्रंथालयात खंड हाती आला, तर पानाकडे असे पाहावे. वर संहिता. तिच्यात शब्दाखाली नागमोडी रेघ असेल, तर संपादकांना त्या पाठाची पुरती खात्री नाही. खाली बारीक टाइपात पाठभेद, प्रत्येकापुढे पोथ्यांच्या खुणा: अक्षर घराण्याचे, आकडा पोथीचा. त्यांच्यात आकड्यापुढे फुली घातलेले श्लोक म्हणजे संहितेबाहेरची छोटी भर. लांब भर परिशिष्टात. आधी वरचेच सलग वाचावे. एखाद्या जागी अडखळलो, की मग खाली उतरावे. आणि ठरावीक श्लोकच शोधायचा असेल, तर वैद्यांनी केलेली चरणांची सूची घ्यावी. तिच्यात चरणाच्या पहिल्या शब्दांवरून जागा सापडते. व्हॉट्सॲपवर ‘महाभारतातून’ म्हणून फिरणारे एखादे सुभाषित तिथे जरूर शोधून पाहावे.