हरिणांसाठी घरगुती स्वयंचलित दाणायंत्र

अमेरिकेतील टेक्सास राज्यात बहुतेक जमीन खाजगी मालकीची असून तेथील झुडुपी रानांत श्वेतपुच्छ हरिण विपुल आढळते. त्यास ठराविक वेळी मका घालण्याची चाल शिकारी व जमीनमालक या दोहोंत रूढ आहे. या कामासाठी तयार यंत्रे मिळतात; तथापि अनेक जण ते घरीच तयार करतात. रचना साधी आहे. तिच्यामागील तत्त्व मात्र वाटते तितके साधे नाही.

सुमारे २०८ लिटरचे पत्र्याचे पिंप तीन उंच पायांवर उभे करावयाचे, त्याच्या तळाशी नरसाळे बसवावयाचे व नरसाळ्याच्या तोंडाखाली लहान विद्युत्-चालकाच्या दांड्यावर एक सपाट तबकडी जोडावयाची. चालकास विजेरी व कालदर्शक कळ जोडली म्हणजे यंत्र पुरे झाले. कळ दाबली गेली की तबकडी गरगर फिरते आणि मका चोहोंकडे फेकला जातो. हरिण पहाटे व सांजवेळी चरावयास निघते. कळीच्या वेळाही त्याच लावतात.

पिंपातून पाणी सोडले तर पातळी उतरेल तसतसा प्रवाह मंदावतो. धान्याचे तसे होत नाही. तोंडाच्या लगत दाण्यांची कमान सतत बनत व ढासळत असते आणि दाणे जणू त्या कमानीपासूनच मोकळे पडू लागतात. वरच्या राशीचा भार बऱ्याच अंशी घर्षणाने भिंतींवर जातो. कोठारातील धान्याच्या दाबाची ही मीमांसा यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये मांडली. पुढे १९६१ मध्ये बेव्हर्लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहाचे प्रमाण छिद्राच्या व्यासाच्या (दाण्याच्या आकारानुसार काही वजावट करून) अडीचाव्या घाताशी निगडित असल्याचे दाखविले. म्हणजे हा परिणामी व्यास दुप्पट केल्यास प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो. छिद्र फार लहान असेल तर कमान ढासळतच नाही व यंत्र तुंबते. मक्याचा दाणा सुमारे एक सेंटिमीटरचा असल्याने तोंड पाच-सहा सेंटिमीटरांहून कमी ठेवू नये.

तबकडी स्थिर असताना तिच्यावर साचलेला ढीगच बुचाचे काम करतो. मक्याच्या ढिगाचा उतार साधारण २५ अंशांचा असतो. पाच सेंटिमीटर तोंडाखाली तीन सेंटिमीटरांवर तबकडी असेल तर ढीग मध्यापासून सुमारे नऊ सेंटिमीटर पसरतो; तबकडीचा व्यास अठराहून बराच अधिक हवा. हे न पाहता तबकडी खाली उतरविली तर रात्रभर दाणे ओघळून पिंप रिते होते, आणि घरगुती यंत्रांत ही चूक विरळा नाही.

प्रवाह स्थिर असल्यामुळे माप काळावर घेता येते. दहा सेकंद यंत्र चालवून पडलेला मका तोलावा. तो एक किलो भरला व यंत्र दिवसातून दोनदा चालले, तर सुमारे १५० किलोचे भरलेले पिंप अडीच महिने पुरेल. दमट मका गोळा होऊन अडकतो व त्यावर विषारी बुरशी धरते, म्हणून झाकण घट्ट हवे. रॅकून हा चपळ प्राणी पायांवरून चढून हाताने तबकडी फिरवितो. त्याकरिता तिच्याभोवती जाळी लावतात.

मात्रा मर्यादित ठेवण्याचे कारण हरिणाच्या पोटात आहे. ते रवंथ करणारे असून त्याच्या जठरातील सूक्ष्मजीव डहाळ्या-पाल्यास सरावलेले असतात. पिष्टमय मका एकाएकी भरपूर मिळाला तर तेथे लॅक्टिक आम्ल साचते आणि प्राणी भरल्या पोटी दगावू शकतो. शिवाय मक्यात ऊर्जा पुष्कळ असली तरी प्रथिने थोडी. दूध पाजणाऱ्या मादीची गरज त्याने भागत नाही.

अधिक गंभीर प्रश्न साथीचा आहे. हरिणांचा क्षयकारी मेंदुरोग कोलोरॅडोतील एका संशोधनकेंद्राच्या आवारात १९६७ मध्ये प्रथम आढळला. १९७८ मध्ये तो मेंदू सच्छिद्र करणारा रोग असल्याचे ओळखले गेले. त्यावर उपाय नाही. त्याचे विकृत प्रथिन लाळ व विष्ठेवाटे बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. एरवी विखरून चरणारी हरिणे यंत्राखाली रोज त्याच जागी तोंड घालतात. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हा रोग सापडल्यावर बाधित भागांत दाणा घालण्यावर बंदी आली. टेक्सासमध्ये २०१२ साली तो पश्चिम टोकाच्या रानात प्रथम मिळाला. यंत्राचे माप कितीही अचूक बसविले तरी या बाबतीत त्याचा उपयोग नाही; बांधण्यापूर्वी त्या प्रदेशाचा नियम पाहावा लागतो.