रात्रीच का झोपतो कॅमेरा?

तुम्ही पुण्यात ऑफिसात, आई-बाबा गावी. मोबाइलवर घरचं अंगण दिसतंय, म्हणून टेन्शन नाही. पण दिवसभर झक्कास चालणारा कॅमेरा अंधार पडला की गुल! आणि नेमका तेव्हाच तर तो हवा असतो. वणी तालुक्यातल्या राजूरला, कोळसा आणि चुन्याच्या त्या गावात, एका काकूंकडे मी हेच पाहिलं. "पोरगा म्हणते, नवाच घेऊन टाक," काकू म्हणाल्या. थांबा, एवढ्यात खिसा हलका करू नका.

अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी पेटतात आणि तो जास्त करंट ओढतो. अ‍ॅडॉप्टर थकला असेल किंवा वायर लांब अन् बारीक असेल, तर १२ व्होल्ट शेवटपर्यंत पोचतच नाहीत. बिचारा बंद-चालू होत राहतो. म्हणून मल्टिमीटर लावायचा तो रात्री, कॅमेरा चालू असताना, दोन्ही टोकांना. अ‍ॅडॉप्टरपाशी बारा आणि कॅमेऱ्यापाशी बरेच कमी, तर गुन्हेगार वायर किंवा तिचा जोड. दोन्हीकडे कमी, तर बहुधा अ‍ॅडॉप्टर. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात. काकूंकडे वायरच निघाली. कॅमेरा ठणठणीत!

आणि लाइट गेल्यावर? डीव्हीआर इन्व्हर्टरवर, राउटर मात्र साध्या प्लगवर, हा घोळ घरोघरी. रेकॉर्डिंग होतं, पण तुमच्या मोबाइलवर शून्य. अलार्मच्या डब्यातली सीलबंद बॅटरीही तीन ते पाच वर्षांत दमते. मेन स्विच पाडून अलार्म किती वेळ जागा राहतो ते बघाच. २३० व्होल्टच्या वायरिंगला मात्र हात इलेक्ट्रिशियनचाच.