कोपेश्वर : नाम, कथा आणि वास्तू

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, खिद्रापूर येथे कोपेश्वराचे प्राचीन देवालय आहे. शिवालय असूनही त्यात नंदी नाही. या उणिवेचा उलगडा स्थानिक कथा पुढीलप्रमाणे करते : दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली व तेथे तिने देहत्याग केला. शंकर कोपाविष्ट झाले, म्हणून ते ‘कोपेश्वर’. विष्णूने त्यांचे सांत्वन केले, तो ‘धोपेश्वर’. गाभाऱ्यातील दोन लिंगे या दोघांची मानली जातात. नंदी मात्र नदीपलीकडे यडूर येथे राहिला.

कथा सुसंगत आहे. परंतु ‘कोप’ शब्दाच्या ज्या अर्थावर ती उभी आहे, तो मूळचा आहे काय, हा प्रश्न उरतो. कानडीत ‘कोप्प’ म्हणजे लहान खेडे, आणि कर्नाटकातील अनेक ग्रामनामांत हा शब्द आढळतो. इ. स. 1054 च्या सुमारास चालुक्य सोमेश्वर पहिला आणि चोल राजाधिराज यांच्यात ‘कोप्पम्’ येथे युद्ध झाले व त्यात राजाधिराज मारला गेला. हे स्थळ महानदीच्या तीरी होते, असे चोलांचे लेख सांगतात. फ्लीट यांनी ते खिद्रापूर ठरविले. इतर काही अभ्यासक कर्नाटकातील कोप्पळ सुचवितात. रणभूमीचा निर्णय काहीही होवो, ग्रामनामास ‘ईश्वर’ जोडून देवाचे नाव सिद्ध होणे ही सर्वपरिचित पद्धती आहे. ‘कोप्प’मधील द्वित्व संस्कृत वळणात लोपले की ‘कोप’ उरतो व त्याला क्रोधाचा अर्थ आपोआप चिकटतो. यासच लौकिक व्युत्पत्ती म्हणतात. ‘धोपेश्वर’ हे रूपही विचारार्ह आहे. राजापूरनजीकच्या धूतपापेश्वराच्या गावाला ‘धोपेश्वर’ म्हणतात. तेथे ‘धूतपाप’चा संकोच उघड दिसतो, खिद्रापुरी तोच घडला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

मग दक्षयज्ञाचीच कथा का? यडूर येथे वीरभद्राचे प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि दक्षयज्ञाचा विध्वंस करणारा तो वीरभद्रच. शेजारच्या क्षेत्राची पुराणकथा व ‘कोपा’चा नवा अर्थ यांचा मेळ येथे सहज बसला असावा.

वास्तूची साक्ष वेगळी आहे. पूर्वेकडून प्रवेश करताच स्वर्गमंडप लागतो. त्याचे स्तंभ 48 असून मधल्या वर्तुळातील 12 स्तंभांवरील छत वर्तुळाकार खुले आहे. त्याच्या बरोबर खाली तशीच वर्तुळाकार शिला बसविलेली आहे. छिद्र व शिला यांची ही जुळणी पाहता छत अपुरे राहिले असे म्हणता येत नाही; ती मूळ योजनाच होय. त्यापुढे सभामंडप, अंतराळ व गाभारा येतात. तारकाकृती विधानाचा भार गजथरावर पेललेला दाखविला आहे. सामान्यतः नंदीसाठी जी जागा राखली जाते, ती येथे या खुल्या मंडपाने व्यापली आहे. नंदीच्या अभावाची मीमांसा करताना कथेइतकाच या रचनेचाही विचार झाला पाहिजे.

बांधकामाचा आरंभ शिलाहारकाळी झाला, असे सामान्यतः मानले जाते. यादव सिंघणाचा इ. स. 1213 चा देवनागरी लिपीतील संस्कृत दानलेख येथे असून इतर लेखांत कानडीचे प्राबल्य आहे. म्हणजे हे देवालय दोन भाषांच्या सीमेवर नव्हे, तर दोन्ही भाषांच्या व्यवहारात उभे होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर खिद्रापूर व यडूर निरनिराळ्या राज्यांत गेली. तरी देव अलीकडे आणि त्याचा नंदी पलीकडे, ही श्रद्धा टिकून आहे.

यावरून पद्धतीविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. दंतकथेकडून देवालयाचा निर्मितिकाल मिळत नाही, म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. मूळ कानडी शब्दाचा अर्थ विसरल्यावर लोकांनी नावाचा नवा अर्थ कसा लावला, आणि नदीच्या दोन्ही तीरांना एकाच कथेत कसे गुंफले, याचा ती पुरावा आहे. कोरीव लेख, वास्तू आणि कथा यांपैकी प्रत्येकीला तिच्या अधिकाराचाच प्रश्न विचारला, तर तिन्हींची उत्तरे परस्परांना बाधक होत नाहीत.