मराठी पडद्यावरची शाळा

मराठीतील शालेय वयाच्या चित्रपटांत 'शाळा' (2012) सर्वांत अस्सल ठरतो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाचे दिग्दर्शक सुजय डहाके. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, त्यातला जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. हॉलिवूडच्या शाळापटांत लोकप्रियता कपडे, गाडी आणि खेळावर ठरते. इथे मित्रांचे टोळके आणि मुलीची एक नजरही पुरते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'शाळा'ला मिळाला. त्यानंतर रवी जाधव यांचे 'बालक-पालक' (2013) आणि 'टाइमपास' (2014) गाजले. वसतिगृहातील दंगामस्तीवरच्या 'बॉइज'चा (2017) दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला. 'शाळा'तील शिरोडकर आणि 'टाइमपास'मधील प्राजक्ता, दोन्ही केतकी माटेगावकर यांनी साकारल्या.