मुतखडा, की महाधमनी?

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमान पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आज तेच अनुमान सत्तरीच्या माणसाच्या पोटदुखीला लावून पाहू. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली, औषध देणारी नव्हे. पण हेतू कुठे फसतो हे पाहणं आमचंच काम.

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरते तेव्हा साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. उतारवयात, विशेषतः वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांत, तिची भिंत सैल पडून फुगते. 3 सेंटिमीटर झाली की तिला फुगा म्हणतात. बहुतेकदा तो दुखत नाही, त्यामुळे पत्ताच नसतो. मग एखाद्या दिवशी फुटतो.

पुस्तकात खुणा तीन: पोटात किंवा पाठीत अचानक कळ, उतरलेला रक्तदाब, पोटात ठोके देणारा गोळा. पुष्कळ रुग्णांत तिन्ही एकत्र येतच नाहीत. कळ कुशीतून जांघेकडे जाते, आणि आपण म्हणतो, मुतखडा! न्यायशास्त्रात अशा खुणेला सव्यभिचारी हेतू म्हणतात. ती इथेही असते, तिथेही असते. तिच्यावरून निर्णय होत नाही.

आइनस्टाइनचंच पाहा. 1948 मध्ये शल्यविशारद निसेन यांनी त्यांच्या महाधमनीचा फुगा सेलोफेनने वेढला होता. एप्रिल 1955 मध्ये तो फुटला, तेव्हा दुखणं पित्ताशयासारखं भासलं. शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली. 76व्या वर्षी गेले. पित्ताशयाचं सोंग घेणाऱ्या या दुखण्याला आजही त्यांचं नाव आहे.

आणखी एक फसवणूक आहे. फुटल्यावर रक्त कधीकधी पोटामागच्या जागेत अडून राहतं, रक्तदाब थोडा वेळ सावरतो. आजोबा उठून बसतात, "बरं वाटतंय, चहा टाका" म्हणतात. घरचे सकाळपर्यंत थांबतात. हा वेळच तर हातातला असतो!

मुतखडा जास्त संभवतो, हे खरंच. पण दोन्हीकडच्या चुकीची किंमत सारखी नाही. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, सोबत घेरी किंवा थंड घाम असेल, तर लगेच मोठं रुग्णालय गाठावं आणि "महाधमनी पाहिली का?" असं स्पष्ट विचारावं. खाटेजवळच्या सोनोग्राफीत फुगा काही मिनिटांत दिसतो. हाताला गोळा लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. स्थूल माणसात तो बऱ्याचदा लागतच नाही.